बदलीआधी फ्रिज आणि वॉशिंग मशीनची तयारी: माझा अनुभव

लष्करी बदलीत सामान थेट नव्या घरी पोहोचेलच असं नसतं. क्वार्टर मिळेपर्यंत ते कित्येक आठवडे गोदामात पडून राहू शकतं आणि आत राहिलेलं वाटीभर पाणी बुरशीला पुरतं.

फ्रिज ट्रक येण्याच्या किमान २४ तास आधी बंद करून दार उघडं ठेवायचं. बर्फ सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडलं की गॅस गेलाच. मागे कॉम्प्रेसरपाशी पाण्याचा ट्रे असतो, तो हमखास विसरला जातो. स्पंजने टिपून घ्या. दाराच्या रबराच्या घड्या खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरड्या करा. मग दारात घडी घातलेला टॉवेल अडकवून दोन बोटांची फट ठेवा आणि वरून दोरी बांधा. फ्रिज उभाच न्यायला सांगा. आडवा नेलाच, तर उभा केल्यावर लगेच सुरू करू नका, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरू द्या.

फ्रंट लोड मशीनचा ड्रम स्प्रिंगवर लटकलेला असतो. मागचे ट्रान्झिट बोल्ट (प्रवासात ड्रम घट्ट धरून ठेवणारे, बहुधा ३ किंवा ४) पुन्हा न बसवता ट्रकमध्ये चढवलं, तर धक्क्यांनी शॉक ॲब्सॉर्बर जातात. त्याआधी पुढचा फिल्टर उघडून पाणी काढा, ड्रेन पाइप जमिनीलगत टबात सोडा. नव्या घरी बोल्ट काढल्याशिवाय मशीन चालवू नका, खोलीभर नाचेल.

बदलीचा आदेश, औषधं, गणवेश आणि बोल्टचा पाना बाथरूममध्ये ठेवून कुलूप लावा. पॅकिंगवाले दिसेल ते खोक्यात भरतात.