सायकलने कामाला निघण्याआधी

"उद्यापासून सायकलनेच कंपनीत जाणार, हेल्मेट कोणतं घेऊ?" हा प्रश्न मला ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच. हेल्मेट घ्याच. पण यादीत ते जरा खाली ठेवा, कारण हेल्मेटचं काम आपण आपटल्यावर सुरू होतं आणि आपल्याला मुळात आपटायचंच नाहीये. मी नाशिकमध्ये पंचवटीतून सातपूर एमआयडीसीत सायकलने जातो. एका बाजूचे आठ-नऊ किलोमीटर, सात वर्षं झाली. या काळात एकदाच जोरात पडलो, पण थोडक्यात वाचलो असे प्रसंग बरेच आहेत आणि ते मी वहीत टिपून ठेवलेत. वही चाळली की दोनच कारणं पुन्हा पुन्हा समोर येतात. एक तर समोरच्याला मी दिसलोच नव्हतो, नाहीतर पुढच्या क्षणी मी कुठे वळणार हे त्याला कळलं नव्हतं. खालची सगळी तयारी या दोन कारणांवर आहे.

सगळ्यात आधी रस्ता ठरवा. मोबाइलवर दिसतो तो जवळचा रस्ता मोटारवाल्याच्या सोयीचा असतो. रविवारी सकाळी निवांत एक फेरी मारून या, आणि एखादा दिवस रजा टाकून नेमक्या कामाच्या वेळेला पुन्हा मारा, कारण रविवारचं एबीबी सर्कल आणि शिफ्ट सुटतानाचं एबीबी सर्कल या दोन वेगळ्या जागा आहेत. मी सुरुवातीला अशोक स्तंभावरून सीबीएस, त्र्यंबक नाका असा सरळ जायचो. आता अशोक स्तंभावरून गंगापूर रोड धरतो, महात्मानगरच्या आतल्या रस्त्यांनी एबीबी सर्कलला निघतो आणि तिथून सातपूर. वेळ थोडा जास्त लागतो, पण सिटी बस, रिक्षा आणि एसटी एकाच वेळी कडेला घुसतात ते दोन चौक टळतात. द्वारका चौकातून रोज जावं लागत असेल तर तिथे सरळ उतरा आणि पादचाऱ्यासारखी सायकल ढकलत न्या, यात कसलाही कमीपणा नाही. उड्डाणपुलावर सायकल चढवूच नका. वर गाड्या महामार्गाच्या वेगात असतात आणि बाजूला व्हायला जागा नसते.

फेरी मारताना खड्डे कुठे आहेत, गटाराच्या जाळीचे गज रस्त्याला समांतर कुठे आहेत, गतिरोधकावरचा पांढरा पट्टा कुठे पुसलाय, हे सगळं बघून ठेवा. समांतर गजांत बारीक टायर सरळ आत जातं. २०२७च्या सिंहस्थाच्या कामांमुळे काल मोकळा असलेला रस्ता आज खोदलेला असू शकतो आणि काम संपल्यावरही वळणावर खडी पसरलेली राहते. खडीवर वळताना ब्रेक लावला की चाक निसटलंच. तिथे आधी वेग कमी करायचा, वळताना ब्रेकला हात लावायचा नाही.

मग लाइट. घराचं लाइट बिल भरतो तितक्या नेमाने सायकलचे लाइट चार्ज करा. मागे लाल, पुढे पांढरा, आणि दोन्ही दिवसासुद्धा चालू. सातची शिफ्ट असेल तर जानेवारीत तुम्ही अंधारातच निघता, नाशिकला तेव्हा सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. त्याच वेळी पंचवटीत बाजार समितीकडे भाजीचे पिकअप धावत असतात आणि ड्रायव्हर रात्रभर जागा असतो. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर सरकते. माणसाला बघून, समजून ब्रेकवर पाय ठेवायला दीड सेकंद तरी जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर संपले. डिपरच्या उजेडात काळ्या स्वेटरमधला माणूस जेमतेम २५-३० मीटरवर दिसतो. आता हिशेब तुम्हीच करा. तेच रेडियमची पट्टी असली की शंभर मीटरच्या पलीकडून चमकते. पट्टी जॅकेटवर लावा, पण त्याहून आधी घोट्याला आणि पेडलला लावा. वर-खाली हलणारा उजेड दिसला की मागच्याला क्षणात कळतं की हा खांब नाही, सायकल मारणारा माणूस आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. सकाळी मी पश्चिमेकडे जातो, ऊन पाठीवर असतं, पुढचा रस्ता लख्ख दिसतो. म्हणून मी निर्धास्त असायचो. पण समोरून येऊन उजवीकडे वळणाऱ्याच्या थेट डोळ्यांत तेच ऊन असतं आणि त्याला माझ्या जागी नुसता पांढरा झोत दिसतो. संध्याकाळी परतताना पुन्हा तेच. आपली सावली आपल्या पुढे लांब पडलेली दिसली, की समजायचं, समोरच्याला आपण दिसत नाही आहोत. इंदिरानगरच्या बोगद्यात याच्या उलट होतं. उन्हातून एकदम सावलीत शिरलं की ड्रायव्हरचे डोळे रुळायला वेळ लागतो. दिवसा मागचा लाइट चालू ठेवायचा तो अशाच जागांसाठी.

आता त्या पडण्याबद्दल सांगतो. जागा कॉलेज रोड, वेळ संध्याकाळी सहाची. कडेला मोटारी ओळीने लावलेल्या, आणि मी मागच्यांना अडथळा नको म्हणून त्या मोटारींना खेटून, हातभर अंतरावरून चाललेलो. "टक" असा दरवाजाच्या कडीचा आवाज ऐकू आला तेवढाच. दरवाजाची कड हँडलच्या डाव्या टोकाला लागली, हँडल गर्रकन डावीकडे फिरलं आणि मी उजवीकडे रस्त्यावर उताणा पडलो. मागच्या स्कूटरवाल्या ताईंनी ब्रेक दाबला म्हणून हे लिहितोय. मोटारीतला मुलगा रडवेला झाला होता. "काका, दिसलाच नाहीत हो तुम्ही," एवढंच तो म्हणत राहिला. त्यानेच मला दवाखान्यात नेलं. पडताना मी उजवा हात टेकवला होता. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही, पण अंगठा ताठ केला की त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तिथे दाबलं की कळ मस्तकात जायची. डॉक्टरांनी हात बांधून ठेवला, दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा मनगटाच्या छोट्या हाडातली चीर दिसली. ते हाड असंच फसवतं, पहिल्या दिवशी दिसत नाही. हातावर पडलात आणि त्या खळग्यात दुखत असेल तर "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून सोडून देऊ नका.

तेव्हापासून उभ्या मोटारींपासून मी पूर्ण दरवाजा उघडेल एवढं, म्हणजे मीटरभर तरी अंतर ठेवतो. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. आत कोणी बसलंय का ते मागच्या काचेतून दिसतं, ब्रेकचा लाइट आत्ताच विझलाय का तेही दिसतं. दोन मोटारींच्या मधल्या रिकाम्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येणं तर बंदच केलं. कडेची रेघ धरून सरळ चालणारा सायकलवाला मागच्याला कळतो, आत-बाहेर करणारा कळत नाही. आणि मोटार चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती. दरवाजा उघडताना दाराजवळचा हात वापरू नका, लांबचा हात वापरा. ड्रायव्हरच्या सीटवर बसला असाल तर डाव्या हाताने कडी ओढा. आपोआप अंग वळतं आणि नजर मागे जाते. घरातल्या मुलांना ही सवय लावा.

जीव जाण्याचा सगळ्यात मोठा धोका मात्र मला मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूला वाटतो. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात ट्रेलर, आयशर, कंपनीच्या बस सतत असतात. सिग्नलला ट्रक उभा असतो, त्याच्या डावीकडे मोकळी जागा दिसते आणि पुढे जाऊन उभं राहायचा मोह होतो. ड्रायव्हर उंचावर, उजवीकडे बसलेला. त्याच्या केबिनला लागून डाव्या अंगाला असलेलं काहीच त्याला दिसत नाही. सिग्नल सुटल्यावर तो डावीकडे वळला, तर पुढचं चाक मोठा फेर घेतं आणि मागचं चाक आत, कडेला घासत येतं. सायकलवाला सापडतो तो त्या मागच्या चाकात. म्हणून थांबलेल्या मोठ्या गाडीच्या मागेच थांबा, तिच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसेल अशा जागी. आपल्याला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. वळायचं असेल तेव्हा आधी मागे बघा, मग हात पूर्ण बाहेर काढून दाखवा, मग वळा. उजवीकडे वळायला भीती वाटत असेल तर चौक सरळ ओलांडा, पलीकडे थांबा, सायकलचं तोंड फिरवा आणि त्या बाजूच्या सिग्नलबरोबर निघा. उलट्या बाजूने मात्र कधीच येऊ नका. गल्लीतून बाहेर पडणारा फक्त उजवीकडे बघून बाहेर येतो.

सायकलची तपासणी रोज दोन मिनिटांची. टायर अंगठ्याने दाबून बघा, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा, चेन आणि हँडल हलवून बघा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, पण तुमच्या सायकलचा कुठे आहे ते मोकळ्या मैदानात तपासा. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. एकदम करकचून लावला तर मागचं चाक उचलतं, म्हणून दोन्ही ब्रेक मिळून, दाब वाढवत लावायची सवय मैदानातच करा. ब्रेकचे रबर झिजून खाच दिसेनाशी झाली की बदलायचे. वायरचा एक जरी धागा तुटलेला दिसला तर ती त्याच दिवशी बदलायची.

पावसाळ्यात रिमवर दाबणारे ब्रेक सुरुवातीला काही धरतच नाहीत, रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं आणि मग पकडतं. अशोक स्तंभाकडून रामवाडी पुलाकडे उतरताना मी उतार सुरू व्हायच्या आधीच ब्रेक हलके टेकवून रिम कोरडी करून घेतो. गटाराची लोखंडी झाकणं आणि रस्त्यावरचे रंगाचे पट्टे पावसात साबणासारखे होतात, तिथे वळायचं नाही. साचलेल्या पाण्यातून जायचं नाही, खाली काय आहे कोणास ठाऊक. रेनकोट पिवळा घ्या. कानात इअरफोन नको. पाण्याची बाटली आणि पंक्चरचं सामान सगळेच सांगतात, तेही घ्या.

हेल्मेट आता. डोक्याला घट्ट बसणारं, भुवईच्या वर दोनच बोटं जागा राहील असं. पट्ट्याचे दोन्ही बंद कानाखाली इंग्रजी व्हीसारखे जुळले पाहिजेत, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच ढील. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, आतलं थर्माकोल दबून त्याचं काम संपलेलं असतं. हातमोजे घ्या, पडलो की हातच आधी टेकतो.

खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. नाव, रक्तगट, औषधांची ॲलर्जी, घरच्या दोघांचे नंबर. मोबाइल लॉक असतो, चिठ्ठी नसते. १०८ आणि ११२ पाठ असू द्या. कोणी पडलेलं दिसलं तर थांबा. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलंय, मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना जबरदस्तीने नाव-पत्ता द्यायला लावू शकत नाही. डोक्याला मार लागलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणाला तरी त्याला एकटं घरी पाठवू नका. उलटी, गुंगी, वाढत जाणारी डोकेदुखी, यांपैकी काहीही असेल तर लगेच मोठ्या दवाखान्यात. गाडीने धडक दिली असेल तर नंबरचा फोटो काढा, दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची अपघाताची नोंद, करायला सांगा, पोलिसांत तक्रार द्या. सायकलवाला हा त्या गाडीच्या विम्यात तिसरा पक्ष असतो, त्याला भरपाई मागता येते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा मात्र सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी २०२२पासून गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख मिळतात. बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं, म्हणून लिहिलं.

देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळजवळ ७१ टक्के वेगामुळे. आपला वेग त्यात कुठेच नाही, म्हणून दिसण्याची जबाबदारी मला इतकी मोठी वाटते. २०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आरपार पार करणारी रेस पूर्ण केली, शहराला सायकलचं वेड लागलं, रविवारी त्र्यंबक रोडला झगमगत्या सायकली दिसतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण रोज पोटासाठी सायकल मारणारा माणूस काळ्या घोड्यावर, म्हणजे साध्या काळ्या सायकलवर, काळ्या स्वेटरमध्ये, मागे लाइट नसलेला असाच असतो. वॉचमन, हेल्पर, कँटीनवाले मामा.

म्हणून माझ्या यादीतली शेवटची वस्तू रेडियमचा एक रोल आणि कात्री. ऑटोमोबाइलच्या दुकानात लाल रोल मिळतो. कंपनीच्या स्टँडवर चौदा सायकली लागतात. मागच्या दिवाळीच्या आधी एका शनिवारी प्रत्येक मालकाला विचारून मी मागच्या मडगार्डवर वीतभर पट्टी आणि दोन्ही पेडलांना तुकडे लावले. पट्टी लावण्याआधी मडगार्ड ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं, नाहीतर आठवड्यात निघते. कँटीनच्या मामांनी त्यांच्या कॅरियरच्या डब्यालाही लावायला सांगितली. त्या संध्याकाळी मी स्कूटरवाल्या सहकाऱ्याच्या मागे बसून घरी येत होतो. पपया नर्सरीच्या अलीकडे पुढे खूप लांबवर दोन लाल ठिपके आळीपाळीने वर-खाली होताना दिसले. बाकी अंधार. "मामा चाललेत बघ," सहकारी म्हणाला आणि त्याने स्कूटर आधीच उजवीकडे घेतली.