सोन्याचा मुलामा दिलेली जुनी चांदीची फुलदाणी : कशी वाचावी, कशी जपावी

अशी फुलदाणी हाती आली की ती घासून लख्ख करावीशी वाटते. तो मोह आवरा. वरचा सोन्याचा थर फार पातळ असतो आणि एकदा झिजला की परत येत नाही. म्हणून आधी भरपूर पाहायचं आणि मग अगदी थोडं पुसायचं.

उचलताना कान धरू नका, जुना डाक (धातूचा सांधा) तिथेच सुटतो. हातमोजे घालून, दोन्ही हातांनी पोटाखालून उचला आणि मऊ कापडावर ठेवा.

आता नक्षी पाहा. लंडनच्या पॉल स्टॉर या कारागिराने १८१२च्या सुमारास घडवलेल्या वॉरविक फुलदाणीच्या प्रतिकृती नमुन्यादाखल घेऊ. मूळ भांडं रोमन, संगमरवरी. ते इटलीत तिवोलीजवळ सम्राट हेड्रियनच्या प्रासादाच्या अवशेषांत सापडलं आणि आता ग्लासगोच्या बरेल संग्रहात आहे. त्याचे कान म्हणजे द्राक्षवेलीची पिळदार खोडं. तीच वेल काठाखाली पानाघडांसह पसरते आणि पोटावर मद्यदेव बॅकसच्या परिवारातले दाढीवाले चेहरे उठून येतात. बॅकसशी नातं असलेलं प्राण्याचं कातडंही तिथे पांघरलेलं दिसतं. हे सगळं चांदीत उतरवताना काही भाग वेगळे ओतून डाक देऊन जोडले जात, तर बारकावे छिन्नीने उठवले जात. एका बाजूने तिरका उजेड टाका, म्हणजे छिन्नीचा हात दिसू लागेल. उंच भाग घोटून चकचकीत आणि नक्षीमागची सपाट जागा मंद ठेवलेली असेल, तर या दोन पोतांच्या खेळातच कामाचं खरं सौंदर्य आहे. जोरात घासलं की पहिल्यांदा तेच मरतं.

मग भिंगातून तळ आणि काठ तपासा. त्या काळच्या लंडनच्या चांदीवर चालता सिंह (हजारात ९२५ भाग चांदी), बिबट्याचं मुकुटधारी मुख, वर्षाचं अक्षर, कर भरल्याची खूण म्हणून राजाचं मुख आणि कारागिराची आद्याक्षरं असतात. राजमुखाची खूण १७८४ ते १८९० एवढीच चालली, त्यामुळे काळ ठरवायला ती फार उपयोगी.

जुना मुलामा पाऱ्याचा. सोनं पाऱ्यात कालवून चांदीवर माखायचं, तापवून पारा उडवायचा आणि राहिलेलं सोनं अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचं. ती वाफ विषारी, कारागिरांचे बळी घेणारी. १८४०मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि हळूहळू जुनी रीत मागे पडली. कानांवर, काठावर पांढरी चांदी डोकावत असेल तर घाबरू नका, दोन शतकांच्या वापरात तसं व्हायचंच. उलट अशा जागाही एकसारख्या पिवळ्या दिसल्या, तर नंतर पुन्हा मुलामा चढवला असण्याची शक्यता धरा.

सोनं स्वतः काळवंडत नाही. डाग पडतात ते खालच्या चांदीचे, थराच्या बारीक छिद्रांतून. आधी मऊ केसांच्या ब्रशने धूळ झाडा. हात लागलेले चिकट भाग मात्र ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, ओलसर कापसाच्या बोळ्याने टिपा. नंतर साध्या पाण्याचा बोळा फिरवा आणि लगेच कोरडं करा. पूर्ण बुडवू नका, पोकळ कानांत पाणी साचतं. चिंच, रांगोळी, दातांची पावडर, बाजारातला चांदीचा द्रव, खायचा सोडा आणि फॉइल ही घरची चांदी उजळायची साधनं इथे पूर्ण वर्ज्य.

फुलं ठेवायची असतील तर आत वेगळं काचेचं भांडं बसवा. कपाटात ठेवताना आम्लविरहित पातळ कागदात गुंडाळा आणि शेजारी सिलिका जेलची पुडी ठेवा. लोकर, वर्तमानपत्र आणि रबर बँड दूर ठेवा, रबरातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टाच उमटतो.