राज्यपालांनी आमदार नेमायचं लांबवलं तर आपण काय करायचं?

विधान परिषदेत ७८ आमदार, त्यातले १२ राज्यपाल नेमतात, हे बऱ्याच जणांना माहितीय. पण त्या जागा रिकाम्या पडून राहिल्या तर कुणाला आणि कसं विचारायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून कोल्हापुरात बसून आपल्याला जे करता येतं ते लिहितोय.

आधी घटनेतलं कलम १७१ वाचा. साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा यातलं खास ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेली माणसं नेमायची असतात. राज्यसभेच्या नेमणुकीत सहकार नाही, इथं आहे, आणि आपला जिल्हा तर दूध संघ आणि साखर कारखान्यांवर उभा आहे, त्यामुळं या जागा अडल्या की नुसतं पक्षांचं नाही, आपलं पण नुकसान होतं. नावं मंत्रिमंडळ ठरवतं आणि कलम १६३ प्रमाणं राज्यपालांनी त्या सल्ल्यानं चालायचं. मुदत मात्र कुठंच लिहिलेली नाही, सगळी गोची तिथंच आहे.

नोव्हेंबर २०२० मधलं बघा. सरकारनं १२ नावं पाठवली, आपल्या राजू शेट्टींचं नाव त्यात असल्याच्या बातम्या आल्या, आणि तेव्हाचे राज्यपाल कोश्यारी हो पण म्हणेनात आणि नाही पण म्हणेनात. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं की नावं मान्य करा नाहीतर परत पाठवा पण वाजवी वेळेत करा, ८ महिने जास्तच झालेत. पण कलम ३६१ मुळं राज्यपाल कोर्टाला उत्तर द्यायला बांधील नाहीत, म्हणून थेट आदेश काही निघाला नाही. २०२२ मध्ये नव्या सरकारनं यादीच मागं घेतली, त्याविरुद्ध कोल्हापुरातूनच याचिका गेली, ती जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली, आणि त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये ७ जणांचा शपथविधी उरकला होता. चार वर्षं लोकांच्या सभागृहातल्या जागा रिकाम्या, हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून पहिल्या महिन्यापासून तारखा गोळा करायच्या. माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपये फी, ऑनलाइन पण होतो, विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवा. एक अर्ज मंत्रालयात संसदीय कार्य विभागाला, दुसरा राज्यपालांच्या सचिवालयाला. "उशीर का झाला" असं विचारू नका, कारणं देत नाहीत, कागद देतात. जागा कधी रिकाम्या झाल्या, यादी कुठल्या तारखेला गेली, आवक-जावक नंबर काय, परत पाठवली असेल तर त्या पत्राची प्रत, एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, ते सोडू नका, बरेच जण इथंच कंटाळतात.

मधल्या काळात कलेक्टर ऑफिसला निवेदन द्या, पोच घ्या, आणि आपल्या आमदाराला गाठून अधिवेशनात सरकारला प्रश्न टाकायला लावा.

एवढं करून पण हललं नाही तर जनहित याचिका. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्याकडंच सुरू झालंय, पण विषय अख्ख्या राज्याचा आहे तेव्हा इथं लागेल का मुंबईला हे वकिलाला आधी विचारा. याचिकेत प्रतिवादी राज्य सरकारला करा, आणि माहिती अधिकारातली सगळी उत्तरं तारखेच्या क्रमानं जोडा, पोचपावत्यांसकट.