हॅट बनवायला शिकायचंय? आधी फर्मा बघायला शिका

मला अधनंमधनं मेसेज येतात, दादा हॅट बनवायला शिकायचंय, कुठली जुनी हत्यारं घेऊ, लिंक पाठवा. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

कोल्हापुरात हॅट घालतंय कोण, हे आमच्या आईनंपण विचारलेलं, आणि खरंच आहे, इथं फेटा चालतो. पण मी नाटकाचा कपडेपट सांभाळायचो, साहेबाची हॅट भाड्यानं आणली की ती एकतर कानावर यायची नाहीतर नुसती टाळूवर बसायची, तिथनं हे वेड लागलं.

हॅटचं मुख्य हत्यार म्हणजे लाकडी फर्मा, डोक्याच्या आकाराचा ठोकळा. फेल्टची, म्हणजे लोकर नाहीतर जनावराचे केस दाबून केलेल्या जाड कापडाची टोपी वाफेवर मऊ करून त्यावर ओढायची, बुडाला दोरी आवळायची, वाळू द्यायची, झालं. बोलायला सोपं! मी पहिला फर्मा ऑनलाइन घेतला, परदेशी, जुना, काय त्याची चमक, दोन दिवस टीव्हीशेजारी ठेवून नुसता बघत बसलो आणि तिसऱ्या दिवशी बघतो तर खाली पिवळी भुकटी. भुंगा लागलेला! विकणाऱ्यानं बुडाचा फोटोच टाकला नव्हता आणि मीही मागितला नव्हता. त्यामुळं बुडाचा फोटो मागा, बारीक भोकं दिसली की सोडून द्या, कितीही स्वस्त असू दे.

दुसरी गंमत नंबरची. डोक्याचा घेर ५७ सेंमी असला की त्याला ३.१४ नं भागायचं, येतात साधारण १८.१ सेंमी, म्हणजे ७ पूर्णांक १/८ इंच. हा झाला अमेरिकन नंबर, त्याच डोक्याला ब्रिटिश नंबर ७. फर्म्याच्या बुडावरच्या आकड्यावर विसंबून मी एक हॅट केली ती शेवटी भाच्याला गेली. टेप घ्या आणि फर्मा स्वतः मोजा.

त्यात डोकं काय गोल नसतं, कुणाचं लांबट, कुणाचं एका बाजूला फुगीर. त्यासाठी १९व्या शतकात पॅरिसमध्ये कन्फर्मेटर नावाचं यंत्र निघालं, टाइपरायटर डोक्यावर ठेवल्यासारखं दिसतंय, पट्ट्या डोक्याला टेकतात आणि वरच्या कागदावर टाचण्या छोटा नकाशा टोचतात. बघायला एक नंबर, पण शिकताना त्यात पैसे घालू नका. ड्रॉइंगच्या दुकानातली वाकणारी पट्टी कपाळाभोवती दाबून कागदावर काढा, माझं अजून त्यावरच चालतंय.

हात बसवायचा तर लोकरीच्या फेल्टवर, सशाच्या केसाचं नंतर. वाफेवर धरलं की आधी भिजलेल्या घोंगड्याचा वास येतो आणि मग एका क्षणाला फेल्ट बोटाखाली ढिलं पडतं, तेव्हाच ओढायचं. अर्धा मिनिट उशीर झाला की ते गार होऊन अडून बसतं, मग ताकद लावाल तर पातळ होऊन फाटतंय. हे सांगून कळत नाही, माझे चार तुकडे गेले. फेल्टला कडकपणा हवा तर सुतार पॉलिशला वापरतात तीच चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून आतनं पातळ लावा. पावसाळ्यात मात्र तीन दिवस पंख्याखाली ठेवलं तरी बुड ओलंच, आपल्याकडचा पाऊस माहितीय ना.

एक गोष्ट चेष्टेवारी नेऊ नका. फेल्टसाठी केस तयार करताना पूर्वी पाऱ्याचं द्रावण लावायचे, कारागिरांचे हात थरथरायचे, डोक्यावर परिणाम व्हायचा. अमेरिकेत त्यावर १९४१ मध्ये बंदी आली. तो पारा जुन्या हॅटमध्ये अजून असू शकतो, त्यामुळं जुनी हॅट मिळाली म्हणून स्वयंपाकघरात वाफेवर धरू नका. कपाटात ठेवा, बघा, बास.

हॅटच्या आत कपाळाला टेकणाऱ्या पट्टीसाठी मी चप्पल लाइनच्या ओळखीनं चामडं आणलं, दिसायला झक्कास, पण चपलेचं ते, जाड, नाटकातल्या पोराच्या कपाळावर दोन तास वळ राहिला. बकऱ्याचं पातळ घ्या.

आणि हॅटची कड कात्रीनं कापू नका. माझी एका बाजूला अर्धा इंच कमी झाली, ती सरळ करता करता सगळीच बारीक झाली. यासाठी जुन्या कारागिरांकडं एक हत्यार असायचं, हॅटच्या उभ्या भिंतीला टेकवून फिरवायचं, ठरलेल्या अंतरावर पातं चालत राहतं. मी फोटो दाखवून उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये तसंच एक करून घेतलं. करणाऱ्यानं दोनदा विचारलं, हे नक्की कशाचं आहे? हॅटचं म्हटल्यावर हसला, पण पातं बसवलंय अगदी काटेकोर.