खोदाईत पाणी लागलं तर उपशाचे पैसे कुणाचे, हे खड्डा मारायच्या आधी कसं ठरवायचं

खोदाईचा रेट ठरतो मे महिन्यात, पाणी लागतं सप्टेंबरात, आणि भांडण होतं दिवाळीच्या तोंडावर आरए बिल (काम चालू असताना लावायचं बिल) लावल्यावर. माझ्यासोबत हेच झालं. एका बंगल्याच्या बेसमेंटचं काम घेतलेलं, मे मध्ये ट्रायल पिट (चाचणीचा खड्डा) घेतला तेव्हा साडेतीन मीटरपर्यंत कोरडा मुरूम, आणि गणपतीत त्याच जागी खडकाच्या भेगेतनं मनगटाएवढी धार. दोन पंप 40 दिवस रात्रंदिवस चालवले आणि बिल दिल्यावर मालकांनी करारातल्या खोदाईच्या आयटमवर बोट ठेवलं, त्यात "डिवॉटरिंगसह", म्हणजे पाण्याच्या उपशासह, लिहिलेलं होतं आणि खाली सही माझी. एक रुपया मिळाला नाही. तेव्हापासून मी काम घेताना काय करतो ते सांगतो, ठेकेदाराला जेवढं उपयोगी तेवढंच घर बांधणाऱ्या मालकालाही.

पहिलं म्हणजे आयटम शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. आपल्याकडे खाजगी कामांचे बरेच बीओक्यू (कामांच्या आयटमची यादी) पीडब्ल्यूडीच्या एसएसआरवरनं, म्हणजे सरकारी दरसूचीवरनं, उचललेले असतात, त्यात पायाच्या खोदाईच्या एकाच लांबलचक वाक्यात माल 50 मीटरपर्यंत टाकणं, डिवॉटरिंग, बेड तयार करणं, बॅकफिलिंग, शोरिंग-स्ट्रटिंग (खड्ड्याच्या बाजूंना आधार देणं) सगळं "इत्यादी कम्प्लीट" करून येतं, लिफ्ट, म्हणजे खोदाईची खोली, 1.5 मीटरपर्यंत. दीड मीटरच्या चरात बादलीभर पाझर आला तर ते ठीक आहे हो, पण तोच शब्द चार मीटरच्या बेसमेंटला लावला की महिन्याभराचा उपसा फुकटात गेला. म्हणून तो शब्द तिथनं काढा आणि उपशाचा वेगळा आयटम लिहून घ्या. मालक काढू देत नसतील तर मग तो खर्च रेटमध्ये धरा, गप्प बसून सही करू नका.

वेगळा आयटम लिहिताना पाणी कुठलं ते आधी वेगळं करायचं, माझ्या मते सगळा न्याय इथेच आहे. पावसाचं पाणी ठेकेदाराचं, कारण आपल्याकडे जूनमध्ये पाऊस येतो हे त्याला माहीत असतं. मोठ्या कामांत वापरतात त्या फिडिक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 1999 च्या रेड बुकमध्ये (कराराच्या ठराविक मसुद्यात) पण 4.12 क्लॉजमध्ये जमिनीखालची आणि पाण्याची अनपेक्षित परिस्थिती ठेकेदाराला वेळ आणि खर्च मिळवून देते पण हवामान त्यातनं वगळलंय (आणि नोटीस वेळेत द्यावी लागते, 20.1 प्रमाणे 28 दिवसांच्या आत, नाहीतर हक्क जातो). जमिनीतलं पाणी मालकाचं, जमीन त्यांची आहे. आणि फुटलेल्या लाईनचं पाणी ज्याने फोडली त्याचं, जेसीबीचा दात लागला असेल तर ठेकेदाराने मुकाट्याने भरावं.

आता जमिनीतलं म्हणजे कुठनं खालचं, तर ती लेव्हल करारात लिहायची. शेजारच्या विहिरीत टेप सोडून बघा, पण मे मध्ये नाही, पावसाळा संपल्या संपल्या, कारण पाणी तेव्हाच सगळ्यात वर असतं. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतनं फिरतं त्यामुळे एका प्लॉटला कोरडं आणि शेजारी झरा असं सर्रास होतं, एकाच ट्रायल पिटवर विश्वास नको.

रेट तीन भागांत लिहा: पंप आणि पाईप बसवण्याची एकरकमी, चालू तासाला प्रति एचपी, आणि नुसता उभा राहिला तर दिवसाला. हिशोबाला 5 एचपीचा इलेक्ट्रिक पंप 24 तास चालला तर साधारण 100 युनिट धरा, डिझेलचा तासाला लिटरभर खातो, वर दोन पाळ्यांचे पंपवाले, त्यातला रात्रीचा लोक नेहमी विसरतात, आणि पहाटे 3 ला फूट व्हॉल्व (ओढणाऱ्या पाईपच्या टोकाची झडप) चोक झाला की तोच लागतो.

मालकांनो, तुम्ही पण डोळे मिटून तास मान्य करू नका. पंप तासभर बंद ठेवायला सांगा आणि खड्ड्यात काठी रोवून खूण करा. समजा 10 बाय 8 मीटरचा खड्डा आहे आणि तासात पाणी 5 सेंटीमीटर चढलं, म्हणजे 4 घनमीटर, 4000 लिटर. हे पाणी 5 एचपीचा धड पंप काही मिनिटांत बाहेर फेकतो, मग बिलात 24 तास कसे? अशी टेस्ट दर आठवड्याला दोघांनी मिळून करायची. रजिस्टर साईटवरच ठेवा, रोज सकाळी 8 ला अवर मीटरचा (पंप किती तास चालला ते दाखवणाऱ्या मीटरचा) फोटो आणि दोघांच्या सह्या, महिन्याने बसून आठवणीने भरलेलं रजिस्टर कुणी मानत नाही.

उपसताना संप (पाणी गोळा व्हायचा छोटा खड्डा) एका कोपऱ्यात, पायाच्या तळापेक्षा अर्धा मीटर खोल, भोकं पाडलेला ड्रम आणि भोवती खडी. वर जमिनीवर ठेवलेला पंप 6-7 मीटरच्या खालनं ओढत नाही, तिथे पाण्यात बुडवायचा सबमर्सिबलच. पाणी सतत गढूळ येत असेल तर लगेच थांबा, ती शेजारच्या पायाखालची माती असू शकते, त्यांच्या कंपाऊंडला तडा गेला की उपशाच्या दहापट खर्च. सोडायचं पावसाळी गटारात, महापालिकेला विचारून. मोठ्या प्रोजेक्टला केंद्राच्या 2020 च्या भूजल गाईडलाईन्सप्रमाणे डिजिटल फ्लो मीटर पण लागतो, तो खर्च कुणाचा तेही लिहा.

आणि सगळ्यात महागाचं शेवटी. खोदाई संपली म्हणजे उपसा संपला असं नाही. राफ्टच्या (पायाच्या सलग काँक्रीट स्लॅबच्या) तळापासून वर 3 मीटर पाणी चढलं तर ते चौरस मीटरला 3 टनाने वर ढकलतं, आणि 400 मिमीचा राफ्ट स्वतः चौरस मीटरला जेमतेम 1 टनाचा. वर पुरेसे स्लॅब पडायच्या आधी पंप बंद केले तर राफ्ट उचलतो, फुटतो. म्हणून पंप कधी बंद करायचा हे ठेकेदारही नाही, मालकही नाही, स्ट्रक्चरल कन्सल्टंटने लेखी द्यायचं. ते पत्र हातात येईपर्यंत पंप आणि स्टँडबायचा जनरेटर दोन्ही जागेवर, आणि उभ्या पंपाचा दिवसाचा रेट तोपर्यंत चालू, हे वाक्य करारात असंच्या असं टाका.