सोसायटीच्या भिंतीवर आवारातली झाडं रंगवताय? या चुका टाळा

पुण्यात सोसायट्यांच्या आणि शाळांच्या भिंती रंगवायला मी मुलांबरोबर जाते. ‘आपल्या आवारातली झाडं’ हा विषय सगळ्यांनाच आवडतो, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चुकाही त्याच होतात.

सगळ्यात मोठी म्हणजे झाड न बघता चित्र काढणं. झाड दहा पावलांवर उभं असतं आणि मुलं मोबाइलवरचा फोटो मोठा करून बघत असतात. एका सोसायटीत फाटकाशी बहावा होता, एप्रिलअखेरचा, पिवळाधमक फुललेला. आम्ही दोन रविवार खपून तो भिंतीवर काढला. तिसऱ्या रविवारी तळमजल्यावरच्या आजी बघायला आल्या, जरा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, हा बहावा कुठला? हा तर रस्त्यावरचा सोनमोहर!” खरं होतं त्यांचं. कुठल्याशा फोटोवरून मुलांनी आभाळाकडे उभे तुरे काढले होते आणि पानं चिंचेसारखी बारीक. बहाव्याचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, पर्णिका, म्हणजे एका देठावरची सुटी पानं, चांगल्या मोठ्या असतात, शेंगा काळ्या आणि काठीसारख्या लांब. उभे तुरे आणि चपट्या तांबूस शेंगा सोनमोहराच्या. चूक माझी होती, मी मुलांना झाडापाशी नेलंच नव्हतं. अख्खी भिंत पुन्हा पांढरी केली.

तेव्हापासून पहिल्या दिवशी मी रंगाचा डबा उघडू देत नाही. वही-पेन्सिल घेऊन तासभर झाडाखाली बसायचं, पडलेलं पान, फूल, शेंग वेचायची आणि समोर ठेवून काढायची. पळसाला पाने तीनच, हे सगळ्यांच्या तोंडी असतं, पण भिंतीवर पाच काढलेली मी पाहिली आहेत. ज्यांना तासभर झाडाखाली बसवत नाही, त्यांनी भिंत रंगवायला येऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक ओल्या भिंतीची. गणपती झाले की सगळ्यांना घाई होते, दिवाळीआधी भिंत रंगलेली हवी असते. कुंपणाची भिंत पावसाळाभर पाणी पिते, आणि मागे मातीचा भराव किंवा बागेचा वाफा असेल तर फारच सावकाश वाळते. वरून मात्र कोरडी दिसते. आतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, रंग फुगतो आणि पोपडे सुटतात. मी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावते आणि दुसऱ्या दिवशी काढते. आतून थेंब धरले असतील तर काम पुढे ढकलायचं. कुंपणाची भिंत मी जानेवारीआधी घेतच नाही. वॉटरप्रूफ प्रायमर मारला की झालं, असं सांगणारे भेटतील. पण ओल पाठीमागून येत असेल तर पुढून मारलेला थरच सुटून येतो.

वारली सोपी वाटते म्हणून निवडू नका. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने काढलेल्या त्या चित्रांमागे झाडांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ती दोन त्रिकोण जोडून माणूस काढता येतो म्हणून नव्हे.

पानांचे ठसे घेणार असाल तर रंग पानाच्या पाठीला लावा, शिरा तिकडेच उठून असतात. तोही पातळच, नाहीतर नुसता डाग उमटतो. पानं रात्रभर रद्दीत दाबून ठेवली की ठसा सपाट येतो.

रुई आणि कण्हेर लहान मुलांच्या हाती देऊ नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते आणि कण्हेर विषारी आहे.

चित्रं टांगायला झाडाला खिळे ठोकू नका. सुतळी सैल बांधा आणि संध्याकाळी आठवणीने सोडा. खोडाला ऑइलपेंट तर मुळीच नको, सालीवरच्या बारीक छिद्रांतून झाड श्वास घेतं.

आणि ब्रश धुतलेलं पाणी झाडाच्या आळ्यात ओतू नका. मी त्यासाठी एक वेगळी बादली घेऊनच जाते.