टिश्यू कल्चरमध्ये कोल्ड प्लाझ्मा वापरताय? या चुका टाळा

भगवा डाळिंब आणि जी-नाईन केळी, सोलापूर जिल्ह्यातल्या टिश्यू कल्चरचा, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवण्याच्या कामाचा, जीव या दोन पिकांत. आणि दोन्हींची पहिली डोकेदुखी एकच: इनोक्युलेशननंतर (तुकडा पोषक मीडियात लावल्यावर) बाटलीत उठणारं कंटॅमिनेशन, म्हणजे बुरशी-जिवाणूंचा संसर्ग. त्यावर बहुतेक लॅबमध्ये अजूनही 0.1 टक्के मर्क्युरिक क्लोराइडच चालतं. काम करतं, पण पारा तो पाराच. वापरून झाल्यावर ते पाणी कुठे ओतायचं, याचं सरळ उत्तर कुणी देत नाही. म्हणून कोल्ड प्लाझ्माकडे, म्हणजे फारशी न तापवता विजेने चेतवलेल्या हवेकडे, लोक वळतायत, आणि ते योग्यच आहे.

यंत्र समजायला अवघड नाही. दोन इलेक्ट्रोड, त्यातल्या निदान एकावर काच, क्वार्ट्झ किंवा सिरॅमिकचा थर, मध्ये काही मिलिमीटरची फट आणि काही हजार व्होल्टचा एसी दाब. फटीतल्या हवेतून ओझोन, नायट्रोजनची ऑक्साइडं, हायड्रॉक्सिल असे तिखट घटक तयार होतात. हवा मात्र फारशी तापत नाही, म्हणून ऊती शिजत नाहीत. अडचण पुढे येते. चार बॅचेस बिघडल्या की खापर मशीनवर फुटतं, आणि चूक बहुतेक वेळा भलतीकडेच असते.

आधी बाटली वाचा, मग बटण फिरवा

प्लाझ्माची मजल पृष्ठभागापुरती. एक्सप्लांटच्या (बाटलीत लावायच्या तुकड्याच्या) आत, पेशींच्या मधल्या जागेत बसलेले जिवाणू त्याच्या टप्प्यात येत नाहीत. केळीच्या मुनव्याच्या कंदात असे जिवाणू सर्रास असतात, डाळिंबाच्या फांदीतही सापडतात. त्यांच्यासाठी प्लाझ्माची वेळ दोनाची पाच मिनिटं करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दोष कुठला, हे बाटलीच सांगते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी एक्सप्लांटच्या सालीवरूनच पांढरी-काळी बुरशी उठली, तर वरची स्वच्छता कमी पडली. बुरशी एक्सप्लांटपासून लांब, मीडियाच्या कडेला किंवा झाकणाजवळ उगवली, तर हात, चिमटा, झाकण किंवा लॅमिनारचा (गाळलेली हवा सोडणाऱ्या कामाच्या कपाटाचा) फिल्टर तपासा. तिथे प्लाझ्माचा संबंध नाही. आणि दोन-तीन आठवडे सगळं छान दिसून मग कापलेल्या बुडाशी दुधाळ वलय पसरलं, किंवा सबकल्चरनंतरच (नव्या बाटलीत हलवल्यावरच) दिसलं, तर जिवाणू आतले आहेत. त्यावर उपाय मदर प्लांटपाशीच, म्हणजे ज्या झाडाचे तुकडे घेतो तिथेच, सुरू होतो. झाड शेडनेटखाली ठेवा, पाणी डोक्यावरून न देता बुडाशी द्या, कोवळी फूट घ्या आणि एक्सप्लांट लहान कापा.

विषाणूंचंही तसंच. केळीतला बंची टॉप किंवा सीएमव्ही (काकडी मोझॅक विषाणू) प्लाझ्माने जात नाही. मेरिस्टेम कल्चर (वाढीच्या टोकाचा अगदी छोटा तुकडा लावणं) आणि विषाणू तपासणी टाळता येत नाही. 2006 पासून चालू असलेली टिश्यू कल्चर रोपांची राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धत त्यासाठीच आहे. तेल्या (डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग) आलेल्या बागेतून भगव्याचे डोळे आणून "प्लाझ्मा मारतो ना" म्हणणाऱ्यांना काय सांगावं! मदर प्लांट निवडताना केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची माहिती वाचली तरी निम्मं काम होतं.

"तीन मिनिटं" हा डोस नव्हे

कुणाच्या तरी प्रयोगातली मिनिटं उचलायची आणि आपल्या मशीनला लावायची, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. फट किती, गॅस कोणता, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी किती, ट्रेमध्ये एक्सप्लांट किती, हे बदललं की त्याच तीन मिनिटांचा परिणाम बदलतो. प्लगपाशी मोजलेले वॅटही फसवतात, कारण त्यातला बराच भाग ट्रान्सफॉर्मर तापवण्यात जातो. खरी शक्ती ऑसिलोस्कोपवर मोजतात. जवळच्या कॉलेजच्या फिजिक्स विभागात विचारा, बहुतेक ठिकाणी तो असतो.

सोलापुरात यात आणखी एक भानगड आहे. एप्रिल-मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, आणि सप्टेंबरात पावसाने दमट होते. दमट हवेत ओझोन कमी बनतो, डिस्चार्जचं (फटीतून वाहणाऱ्या विजेचं) रूपही बदलतं. उन्हाळ्यात बसवलेलं सेटिंग पावसाळ्यात "अचानक" फसतं ते यामुळे. मशीनशेजारी वीस-बावीस अंशांचा एसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आर्द्रतामापक लावा आणि प्रत्येक बॅचला आकडा वहीत लिहा. हवा कोरडी करणारी सिलिका जेलची नळी बसवली तर फरक बराच कमी होतो.

इलेक्ट्रोड तापले की आणखी बदल होतो: ओझोन घटतो, नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात. सकाळची पहिली आणि दुपारची शेवटची बॅच म्हणून सारखी निघत नाही. मध्ये थंड होऊ द्या. स्वस्त पडताळणी हवी असेल तर स्टार्च-आयोडाइडची ओली कागदपट्टी एक्सप्लांटच्या जागी ठेवा आणि ती निळी व्हायला किती सेकंद लागतात ते पाहा. मोजमाप ढोबळ आहे, नायट्रोजन डायऑक्साइडनेही पट्टी रंगते, पण मशीन आज कालच्यासारखं चालतंय का एवढं कळतं.

धूळ, थेंब आणि सावली

इथल्या धुळीत काळ्या बुरशीचे बीजाणू भरपूर. ते थरावर थर बसले की वरचे मरतात आणि खालचे सुखरूप राहतात. त्यामुळे वाहत्या पाण्यात धुणं आणि ट्वीन-20चा (साबणासारखं सौम्य द्रव) हात, हे प्लाझ्मा आलं म्हणून सुटत नाही.

धुतल्यावर निर्जंतुक कागदावर नीट टिपा. फटीत पाण्याचा थेंब राहिला की डिस्चार्ज त्या जागी एकवटतो आणि खाली टाचणीच्या डोक्याएवढा करपलेला ठिपका उमटतो. डाळिंबाच्या पेऱ्यावर पानाच्या बगलेत थेंब नेमका डोळ्यापाशी अडकतो, म्हणजे जो वाचवायचा तोच जळतो. शिवाय बगल सावलीत राहते, म्हणून अर्ध्या वेळेनंतर एक्सप्लांट उलटवा. केळीचा जाड तुकडा तर अरुंद फटीत बसतच नाही, आणि फट वाढवली की डिस्चार्ज विझतो किंवा ठिणग्या उडतात. केळीसाठी प्लाझ्मातून निघालेला गॅस दुसऱ्या डब्यात खेळवणं किंवा प्लाझ्मा-पाण्याने (प्लाझ्मा लावलेल्या पाण्याने) धुणं बरं.

आणि स्पिरिट! 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवलेला एक्सप्लांट ओला असताना फटीत ठेवू नका. ठिणगी आणि अल्कोहोलची वाफ एकत्र आली की काय होतं, हे प्रयोग करून पाहायची गरज नाही.

करपलं की फेनॉल?

डाळिंबात टॅनिन मुळातच इतकं की प्लाझ्मा न लावताही एक्सप्लांट काळा पडतो. फेनॉलचं ब्राउनिंग कापलेल्या टोकापासून सुरू होतं आणि भोवतीचा मीडिया चहाच्या रंगाचा होतो. डोस जास्त झाला असेल तर डाग इलेक्ट्रोडकडे असलेल्या बाजूवर पडतात आणि मीडिया बराचसा स्वच्छ राहतो. पहिल्यात प्लाझ्मानंतर टोकं पुन्हा ताजी कापा, एक-दोन दिवसांत नव्या मीडियावर हलवा. दुसऱ्यात वेळ कमी करा. अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडमध्ये बुडवायची सवय असेल तर ते प्लाझ्मानंतर. आधी बुडवलंत तर ज्या घटकांनी जंतू मारायचे तेच ते शांत करून टाकतं.

बोअरचं पाणी

प्लाझ्मा-पाण्याचा जोर हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्राइट आणि उतरलेला सामू या तिघांच्या मेळात आहे. डिस्टिल्ड पाण्यात सामू सहज 3 च्या आसपास येतो. बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट तो उतरूच देत नाही. अर्धा तास मशीन चालवूनही सामू 7 च्या वरच. पाणी ताजंच वापरा, कारण आम्लात नायट्राइट टिकत नाही. ऑटोक्लेव्ह करू नका, 121 अंशांत उरतं ते जवळपास नुसतं नायट्रेट. हवं तर 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा.

"नायट्रेट मिळतं, मग मीडियाही त्यातच बनवू" हा विचार सोडा. एमएस (मुराशिगे-स्कूग) या नेहमीच्या मीडियात लिटरला 1650 मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट आणि 1900 मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आधीच असतं. वरून सामू 5.8 वर आणायला विसरलात तर मीडिया घट्ट करणारं अगार धड गोठत नाही.

ओझोन कुणाच्या तोंडावर?

आडव्या लॅमिनारची हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. त्यात प्लाझ्मा जेट (प्लाझ्माचा झोत सोडणारी नळी) चालवली की गॅस एक्सप्लांटवर न टिकता थेट त्या मुलीच्या नाकात, जी दिवसभर तिथे बसते. आठ तासांच्या कामासाठी ओझोनची मर्यादा हवेच्या दशलक्ष भागांत 0.1 भाग धरतात. वास येतो, पण नाकाला लवकर सवय होते, तेव्हा वासावर विसंबू नका. यंत्र बंद डब्यात ठेवा, एक्झॉस्ट खिडकीबाहेर काढा, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. डब्याचं गॅस्केट साध्या रबराचं असेल तर ओझोनने त्याला तडे जातात, सिलिकॉनचं बसवा.

नवं सेटिंग ठरवताना तीन गट एकाच दिवशी लावा: नुसतं धुतलेले, हायपोक्लोराइटचे आणि प्लाझ्माचे. यंत्रात गॅस सोडून वीज बंद ठेवलेला चौथा गट जमला तर उत्तम, कारण काही एक्सप्लांट नुसत्या वाऱ्यानेच सुकतात. चार आठवड्यांनी स्वच्छ किती आणि फुटवा आलेले किती, हे दोन आकडे वेगळे लिहा. शंभर टक्के स्वच्छ, पण एकही डोळा हलत नाही, अशी बॅच म्हणजे निर्जंतुक मढं. ती यशाच्या रकान्यात घालू नका.